उलटा काटा

रामनाथ केणे यांच्या मोटारीतला पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असे. टाकी तुडुंब भरली तरी अर्ध्यावर, आणि टाकीत नुसता वास उरला तरी अर्ध्यावर. एखाद्या शूर माणसाचे अशा काट्याने काही बिघडले नसते. पण रामनाथराव शूर नव्हते, आणि त्याला त्यांची नोकरी कारण होती. ते विमा कंपनीच्या भिवंडी कचेरीत आगीचे दावे बघत. भिवंडी म्हटली की कापडाचे लूम आले, लूम आले की सुताची रुई आली, आणि रुई आली की कुठून तरी ठिणगीही येतेच. वर्षानुवर्षे जळक्या भिंतींचे फोटो पाहून रामनाथरावांची अशी पक्की समजूत झाली होती की जगातली प्रत्येक वस्तू पेट घेण्याची वाट बघत नुसती बसून आहे. घरात उदबत्ती लावली तरी ती विझेपर्यंत ते त्या खोलीतून हलत नसत.

असल्या माणसाने मोटार घ्यावीच कशाला, असे शेजारी विचारत. गाडी जुनी होती. कुठल्या कंपनीची ते सांगता येत नसे, कारण नावाची पट्टी आधीच्या कुठल्या तरी मालकाबरोबर गेली होती. पण रामनाथरावांच्या आईचे, जानकीबाईंचे गुडघे दुखत. एसटीच्या पायऱ्या चढणे त्यांना जमत नव्हते. आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसल्याशिवाय हे गुडघे दुखायचे थांबणार नाहीत, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. म्हणून गाडी.

काट्याचा खोटेपणा पहिल्यांदा उघड झाला तो भर मंडईत. काटा अर्ध्यावर, गाडी बंद. मागे हातगाड्या, टेम्पो आणि एक म्हैस. लूमवरून शिफ्ट सुटलेल्या लोकांनी "साहब बैठो, साहब बैठो" करत गाडी ढकलायला सुरुवात केली, आणि नेमके त्याच वेळी कचेरीतले मोठे साहेब भाजीची पिशवी घेऊन समोरून आले. रामनाथरावांनी बसल्या जागेवरून त्यांना नमस्कार केला. गाडी पुढे सरकत असल्यामुळे तो नमस्कार साहेबांना ओलांडून शेजारच्या म्हशीपर्यंत गेला.

त्या दिवसापासून भीतीने घरात बिऱ्हाड केले. रामनाथराव निम्म्या रात्री नाही, पण सकाळी उठल्या उठल्या मनाशी पेट्रोलचा हिशेब करू लागले. काल किती भरले, किती फिरलो, गाडी उन्हात उभी होती तर किती उडून गेले असेल. पंपावरचा माणूस तर त्यांना बघितले की तोंड फिरवू लागला, कारण ते रोज जात आणि रोज एवढेसेच पेट्रोल आत जाई. शेवटी त्यांनी युक्ती काढली. मुलीची शाळेची लाकडी फूटपट्टी टाकीच्या तोंडातून आत सोडायची आणि ओली किती झाली ते बघायचे.

युक्ती चांगली होती. काही दिवस चाललीही. मग एका सकाळी कोणीतरी मागून "केणेसाहेब, काय मासे पकडताय का?" असे विचारले आणि फूटपट्टी त्यांच्या हातून सुटली.

विचारणारा होता मुख्तार. त्यांच्या गल्लीत समोरच त्याचा लूमचा कारखाना, वर घर. त्याची आई सईदाचाची आणि जानकीबाई या दोघी गुडघेमैत्रिणी. दुपारी एकमेकींच्या ओट्यावर बसून कोणाचा गुडघा जास्त वाजतो यावर बोलत. मुख्तारने टाकीच्या तोंडाशी कान लावला.

"गेली," तो म्हणाला. "आत पोहतेय."

आता गाडी वळली की मागून ठक, ब्रेक मारला की ठक ठक. कचेरीत लाकूड पत्र्यावर घासून आग लागल्याचा एकही दावा आजवर आला नव्हता. पण पहिला दावा आपलाच असेल तर, या विचाराने रामनाथरावांना घाम फुटे. बरे, विम्याच्या फॉर्मवर आगीचे कारण म्हणून काय लिहायचे? 'फूटपट्टी'?

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. एकाने सांगितले, टाकीत मीठ टाका, पट्टी तळाला जाईल. दुसऱ्याने सांगितले, गाडी उलटी करा. पुढच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी लाकडाची घनता या विषयावर बरेच बोलून शेवटी "नवी पट्टी घ्या" असा निकाल दिला. कमळवहिनी, म्हणजे रामनाथरावांच्या पत्नी, एवढेच म्हणाल्या, "अहो, मिस्त्री बोलवा."

कासम मिस्त्री आला. त्याने आधी टाकीवरची एक तार काढली आणि रामनाथरावांना आत बघायला सांगितले. काटा कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हलला आणि खाली पडला. रामनाथरावांना एखादे मेलेले माणूस उठून बसावे तसे झाले.

"मीटर ठीक है साब," कासम म्हणाला. "लफडा टंकी के अंदर है. अंदर एक डंडी रहती है, उसके मुंडी पे गोळा. पेट्रोल वर तर गोळा वर, पेट्रोल खाली तर गोळा खाली. तुमची डंडी गंजून बसली आहे. टंकी खाली करायला लागेल."

"खाली म्हणजे पेट्रोल बाहेर?"

"नहीं तो क्या, पी जाऊं?"

पेट्रोल बाहेर. त्या गल्लीत. जिथे दोन्ही बाजूंना लूम खडखडत होते, जिथे हवेत रुई तरंगत असे आणि गटारावर, तारांवर, माणसांच्या भुवयांवर बसत असे. रामनाथरावांनी आदल्या दिवसापासून तयारी केली. वाळूच्या बादल्या आणून ठेवल्या. घरातला स्टोव्ह विझवायला लावला, त्यामुळे दुपारी सगळ्यांनी चुरमुरे खाल्ले. समोरच्या कारखान्यात जाऊन मुख्तारला हात जोडून सांगितले की आज कोणी विडी ओढू नये. मुख्तारने विडी तर बंद केलीच, वर माणसांना हेही सांगितले की केणेसाहेब आगीच्या खात्यातले आहेत, त्यांना आतली माहिती असते. झाले. निम्मी माणसे कारखाना सोडून नाक्यावर जाऊन उभी राहिली.

टाकी उतरली. पेट्रोल डब्यांत भरले गेले. रामनाथराव वाळूची बादली छातीशी धरून त्या डब्यांसमोर असे उभे होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावे, याच्या घरचे कोणी गेले आहे. फूटपट्टी निघाली, तिच्यावरचे आकडे पुसून गेले होते. गंजलेली डंडी निघाली. तसली नवी मिळेना म्हणून कासमने भंगारातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची डंडी आणून बसवली, टाकी चढवली, पेट्रोल ओतले.

टाकी भरलेली होती, आणि काटा रिकामा दाखवत होता.

कासमने काट्याकडे पाहिले. काट्याने कासमकडे पाहिले. "दुसरी गाडी का माल है ना," तो शेवटी म्हणाला. "उसका हिसाब उलटा रहता है. भरी तो खाली दिखाएगा, खाली तो भरी. तुम्ही फक्त उलटं वाचायचं. उर्दू नहीं उलटी तरफ से पढते? उसमें डरने का क्या है."

आणि नवल असे की रामनाथरावांना ते पटले. अर्ध्यावर मेलेल्या काट्यापेक्षा उलटा का होईना, चालणारा काटा बरा. त्यांनी मन लावून सराव केला. गाडीत बसताना ते ओठातल्या ओठात म्हणत, "रिकामी म्हणजे भरलेली, भरलेली म्हणजे रिकामी." हे ते इतके म्हणू लागले की एकदा जेवताना कमळवहिनींनी भाताचे पातेले पुढे करून "आणखी वाढू का, पोट भरलं का?" असे विचारले तर ते "भरलं, म्हणजे वाढ," असे म्हणाले. कमळवहिनींनी पातेले खाली ठेवले. नवरा हातचा जाण्यापूर्वी काहीतरी करायला हवे, असे त्यांना त्या दिवशी वाटले.

पण ते रामनाथरावांना माहीत नव्हते. ते अकलोलीच्या तयारीत होते. जायचा दिवस रविवार ठरला होता. सईदाचाची पण येणार होत्या. रामनाथरावांनी सोमवारीच टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती आणि नंतर आठवडाभर गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. शनिवारी संध्याकाळी कचेरीतून आले तेव्हा कमळवहिनी काहीतरी सांगू लागल्या होत्या. "अहो, ऐका ना, गाडीचं..."

"गाडीचं नाव काढू नकोस," रामनाथराव म्हणाले. "उद्या सुखरूप परत येईपर्यंत मला गाडीबद्दल एक शब्दही ऐकायचा नाही. माझं काळीज आधीच धडधडतंय."

कमळवहिनी स्वयंपाकघरात गेल्या. सकाळी सांगू म्हणाल्या. सकाळी मुलीला स्कॉलरशिपच्या परीक्षेला पोचवायच्या गडबडीत त्या निघूनही गेल्या.

रविवारी दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर बसल्या. जानकीबाईंनी भाकऱ्या घेतल्या होत्या, सईदाचाचींनी तांदळाचे सांदण. रामनाथरावांनी चावी फिरवली आणि काट्याकडे बघितले. काटा पार खाली, रिकाम्याच्या खुणेला टेकलेला. म्हणजे काठोकाठ. इतकी भरलेली टाकी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

आणि मग ते घडले, जे रामनाथरावांच्या आयुष्यात पूर्वी कधी घडले नव्हते. त्यांची भीती गेली. भिवंडी मागे पडली, रस्त्याच्या कडेला शेते आली, अनगाव गेले, आणि त्यांनी एक कोपर खिडकीबाहेर काढले. थोड्या वेळाने ते शीळ घालू लागले. काटा आणखी खाली गेला तेव्हा तर ते मागे वळून हसले.

"रामनाथ," जानकीबाई म्हणाल्या, "तुला बरं हाय ना?"

"मस्त आहे, आई."

जानकीबाईंनी सईदाचाचींकडे पाहिले. "लहानपनापासून याला मी मस्त हाय असा बोलताना ऐकला न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मला भ्या वाटतं."

त्यांचे वाक्य संपते न संपते तोच गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती रस्त्याच्या कडेला जाऊन एखाद्या दमलेल्या बैलासारखी उभी राहिली.

रामनाथरावांची भीती जेवढी गेली होती तेवढी सव्याज परत आली. त्यांनी बॉनेट उघडले, बंद केले. टाकीचे झाकण काढून आत फुंकर मारली, तर आतून पोकळ हुंकार आला. भरल्या टाकीचा आवाज असा नसतो, हे त्यांनाही कळले. पेट्रोल गळून गेले असेल? मग रस्त्यावर ओघळ कुठे आहे? आणि गळत गळत आलो असलो, तर मागच्या सबंध रस्त्यावर पेट्रोलची रेघ आहे, आणि त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला आपले घर आहे. ते चटकन गाडीपासून दूर झाले, मग आत दोन म्हाताऱ्या आहेत हे आठवून परत आले.

"तुम्ही इथेच बसा. दारं लावून घ्या. कोणाशी बोलू नका," असे बजावून, डिकीतला तेलाचा रिकामा डबा घेऊन, ते एका ट्रकला हात करून मागे अनगाव नाक्यावरच्या पंपावर आले.

पंपावरच्या माणसाने डबा पाहिला आणि मान हलवली. "डब्यात न्हाय देत. पोलिसांची चिठ्ठी आना."

भिवंडीतल्या चौऱ्याऐंशीच्या दंगलीला अजून फार वर्षे झाली नव्हती. सण तोंडावर आला की बंदोबस्त लागे, आणि बंदोबस्त लागला की डबा घेऊन पेट्रोल मागणारा माणूस हा आधी संशयित आणि मग गिऱ्हाईक. रामनाथराव जन्मात कधी पोलीस चौकीची पायरी चढले नव्हते. आता ते घामाघूम, केस विस्कटलेले, हातात डबा, असे टेबलासमोर उभे राहिले, आणि हवालदाराने "काय पाहिजे?" विचारल्यावर त्यांच्या तोंडून निघाले, "आग."

"काय?"

"नाही, म्हणजे, मी आगीच्या खात्यात आहे. पेट्रोल पाहिजे."

हवालदाराने पेन खाली ठेवले आणि त्यांना बसायला सांगितले. ज्या आवाजात सांगितले त्यावरून उठायला लवकर मिळणार नाही हे कळत होते.

"गाडी कुठं आहे?"

"पुढे रस्त्यावर. बंद पडली."

"कागदपत्रं?"

"गाडीत आहेत."

"मग गाडी घेऊन या. कागद बघतो, चिठ्ठी देतो."

"गाडी पेट्रोलशिवाय कशी आणू?"

"आणि गाडी आणलीत तर चिठ्ठी कशाला लागेल? सरळ टाकीत भरून घ्या."

हे इतके बिनतोड होते की रामनाथरावांनी मान डोलावली. मग हवालदाराने विचारले, गाडीत कोण आहे. "माझी आई आणि शेजारच्या सईदाचाची. अकलोलीला गुडघे शेकायला निघालो होतो." हवालदाराने डब्याचे झाकण काढून वास घेतला. खोटे बोलणारा माणूस इतके विचित्र खोटे बोलणार नाही, असे त्याला वाटत असावे. पण खात्री होत नव्हती. "ओळख देणारं कोणी आहे का भिवंडीत?" त्याने विचारले. रामनाथरावांना एकच टेलिफोन नंबर पाठ होता, समोरच्या कारखान्याचा.

लाइन लागायला वेळ लागला. लागली तेव्हा पलीकडे लूम खडखडत होते आणि इकडे खरखर होती, त्यामुळे हवालदाराने ओरडून चौकशी केली आणि शेवटी रिसीव्हर रामनाथरावांच्या हातात दिला.

"केणेसाहेब," मुख्तारचा आवाज आला, "अम्मी ठीक आहे ना? पेट्रोल कसं संपलं? काटा काय दाखवत होता?"

"रिकामी. म्हणजे भरलेली."

पलीकडे मुख्तारने कोणाला तरी ओरडून लूम बंद करायला सांगितला.

"वहिनींनी तुम्हाला सांगितलं नाही का?" मुख्तार म्हणाला. "तुमची तबियत बघून त्या मला बोलल्या, मग मी मुंबईतून बरोबर डंडी आणवली. काल तुम्ही ऑफिसात होता तेव्हा कासमने बसवली. आता काटा सरळ आहे. रिकामी म्हणजे रिकामीच. आणि साहेब, टाकी खाली केली तेव्हाचं पेट्रोल, थोडंच परत ओतलं त्याने, बाकीचे डबे माझ्याकडेच राहिले. मी बोललो, वहिनी सांगतील."

चौकीतल्या टेलिफोनचा आवाज मोठा होता. हवालदाराने सगळे ऐकले होते. त्याने चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि देताना फार मायेने म्हणाला, "जा साहेब. सावकाश जा." त्याने आणखी संशय घेतला असता तर रामनाथरावांनी सोसले असते. ही माया त्यांना सोसली नाही.

डबा भरला. पण भरला डबा एसटीचा कंडक्टर चढवून घेईना, आणि थांबलेल्या एका जीपवाल्याच्या तोंडात विडी होती म्हणून रामनाथरावच चढेनात. ते चालत निघाले. ऊन डोक्यावर, डबा अंगापासून जितका लांब धरता येईल तितका लांब. डोक्यात एकच विचार. दोन म्हाताऱ्या, भर रस्त्यात, एकट्या. चोर आला तर? उन्हाने भोवळ आली तर? आणि आईला तहान लागली असेल, पाण्याचा तांब्या तर पुढच्या सीटपाशी राहिला आहे, मागून हात पोचणार नाही. ते पळू लागले, डबा हिंदकळला, ते थांबले, मग पुन्हा पळू लागले.

गाडी दिसली. दारे उघडी होती. आत कोणी नव्हते.

रस्त्याच्या मधोमध जानकीबाईंची एक चप्पल पडलेली होती.

रामनाथरावांनी डबा खाली ठेवला. त्यांनी चप्पल उचलली आणि ती छातीशी धरून "आई, आई" म्हणत ते शेताच्या बांधापर्यंत गेले, परत आले, गाडीखाली वाकून पाहिले. आपण इतकी वर्षे ज्या ज्या गोष्टींना भ्यालो त्या सगळ्या फालतू होत्या, खरी भीती ही, हे त्यांना तिथे त्या रस्त्यावर कळले.

बांधावर लाकडाची मोळी उतरवून एक बाई बसली होती. तिने शांतपणे सगळे बघून घेतले होते.

"त्या दोघी ना?" ती म्हणाली. "टेंपोत बसून गेल्या. हसत व्हत्या. चढताना एकीची चप्पल पडली, तर बोलली राहू दे, लेक आनंल."

रामनाथरावांनी पेट्रोल कसे ओतले, किती सांडले, हे त्यांना नंतर आठवले नाही. सांडलेल्या पेट्रोलावर त्यांनी वाळूही टाकली नाही.

अकलोलीच्या कुंडावर दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. लुगडे आणि साडी गुडघ्यापर्यंत वर, पाय वाफाळत्या पाण्यात, मध्ये सांदणाचा डबा. शेजारी एक तरुण टेम्पोवाला, चिंधू नावाचा, भाकरी खात होता.

"आलास?" जानकीबाई म्हणाल्या. "पानी बेस हाय. पाय टाक."

"आई, मी सांगितलं होतं कोणाशी बोलू नका."

"आम्ही न्हाय बोललो. हा पोर बोलला. पूर्ण्याचा हाय, माझ्या माहेरचा. त्याच्या आजीला मी वळखते."

"मला वाटलं..." रामनाथराव म्हणाले. त्यांनी चप्पल पुढे केली. जानकीबाईंनी चप्पल घेण्याऐवजी त्यांचा हातच धरला. सईदाचाचींनी सांदणाचा तुकडा त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवला. रामनाथराव बूट काढून त्या दोघींच्या मध्ये बसले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. पाणी फार गरम होते. त्यांनी पाय काढले नाहीत.

चौकीची आणि फोनची सगळी हकीकत सांगून झाली. निघायची वेळ झाली तेव्हा चिंधू म्हणाला की तो रिकामाच भिवंडीला चाललाय, पुढे गादी हाय, म्हाताऱ्यांनी बसावं. सईदाचाची लगेच उठल्या. "मी बाबा टेम्पोत येतंय. मुख्तारला दोनदा फोन कराया नको." जानकीबाईही उठल्या, टेम्पोपर्यंत गेल्या, एक पाय पायरीवर ठेवला. मग त्यांनी मागे वळून पाहिले. रामनाथराव गाडीजवळ उभे राहून टेम्पोच्या टायरमधली हवा बरोबर आहे का ते लांबूनच न्याहाळत होते.

"तू जा सईदा," त्या म्हणाल्या. "मी याच्यासंगती येते. एकटा आला तर घाबरंल."

"एवढा मोठा बाप्या?"

"बाप्या झाला म्हनून काय."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. टेम्पो पुढे, गाडी मागे. ऊन उतरले होते. जानकीबाईंनी थोडा वेळ रस्त्याकडे पाहिले, मग डोके मागे टेकवले, आणि वळणावर रामनाथरावांनी बघितले तर त्यांना झोप लागली होती. तोंड जरासे उघडे, ओले पाय चपलांवर ठेवलेले.

पुढे टेम्पोच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. सईदाचाची मागे बघून हात करत होत्या. त्यांना हात करायचा म्हणजे स्टिअरिंगवरचा एक हात सोडायला हवा होता. रामनाथरावांनी समोरचा रस्ता पाहिला, मागचा रस्ता पाहिला, शेजारी झोपलेल्या आईकडे पाहिले. बराच विचार केला, आणि हात सोडला.